चांदणं नावाची चार गाणी

"कोणतं चांदणं, बळीरामभाऊ?" कॅसेटवरची धूळ सदऱ्याच्या टोकानं पुसत ताराचंदनं विचारलं. सीताबर्डीवरच्या त्याच्या दुकानात लोक गाण्यांची यादी घेऊन यायचे आणि कॅसेट भरून न्यायचे. बळीरामच्या कागदावर एकच शब्द होता.

"चांदणं. एवढंच म्हणते ती. दुसरा शब्दच निघत नाही तिच्या तोंडातून."

बायकोला, प्रेमिलाला, लकवा मारून तीन आठवडे झाले होते. उजवं अंग गेलं, वाचा गेली, आणि उरला तो हा एवढा शब्द. टेपरेकॉर्डरकडे बोट करून ती तो दिवसभर म्हणायची. ती मागेल ते द्या आता, असं डॉक्टर म्हणाले होते. त्यावरून माणसानं काय समजायचं ते समजावं. गिरणीत सव्वीस वर्षं घालवलेल्या बळीरामला बायकोचं आवडतं गाणं मात्र ठाऊक नव्हतं. कधी विचारलंच नाही, तर ठाऊक होणार कसं!

"माझ्यापाशी चार हायेत," ताराचंद म्हणाला. "एक सिनेमातलं, एक भावगीत, एक लावणी आन् एक भीमगीत. नाव सगळ्याइचं चांदणंच. चारही भरून देतो, एखादं तर तिचं निघनच. कॅसेट कोरी हाय ना?"

"कोरीच असन. तिच्या पेटीत लुगड्याखाली सापडली. आमच्या घरी कोण गाणार हाय, गा!"

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं टेपरेकॉर्डर तिच्या उशाशी ठेवला. सिनेमातल्या गाण्यात वाद्यांचाच कल्ला. प्रेमिलानं मान हलवली. नाही. भावगीत सुरू झालं तसे तिनं डोळे मिटले. सापडलं एकदाचं, असं बळीरामला वाटतं न वाटतं तोच तिचा डावा हात उठला. नाही. लावणी लागली आणि तोच ओशाळला.

"हे नसनच, मले माहीत हाय," तो पुटपुटला.

भीमगीताला तिची बोटं पांघरुणावर ठेका धरू लागली. त्याचा जीव भांड्यात पडला.

"हेच ना वं? हेच ना?"

तिनं मान हलवली. डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. बळीराम भिंतीला टेकून बसला. टेप बंद करायचंही त्याला सुधरेना.

गाणं संपलं. कॅसेट तशीच फिरत होती. खरखर झाली, आणि ओळीच्या मधूनच एक बाई गाऊ लागली. ना पेटी, ना तबला. मागे स्टोव्ह भरभरत होता.

"...चांदणं सांडलं माझ्या कुहीच्या अंगणी,
सांगाया बसले, ऐकाया नाही कोणी..."

कुही प्रेमिलाचं माहेर. तिचं अर्धं तोंड हसलं.

दोनच ओळी झाल्या आणि टेपमधून एक पुरुष खेकसला, "बस कर वं आता! सेल उतरून राहिले फुकट!"

खट् झालं. पुढे काही नव्हतं.

आवाज बळीरामचाच होता. दोन वर्षांपूर्वीचा तो रविवार त्याला आठवला. ही टेपसमोर बसून कितीतरी वेळ गात होती. "ऐका ना जरा," असंही म्हणाली होती. तो चप्पल घालून चौकात निघून गेला होता.

प्रेमिलानं डावं बोट उचलून हवेत उलटं फिरवलं. पहिल्यापासून लावा.

"मागचं नाही वं आता," तो म्हणाला. "तुह्या गाण्यावरच मी ते चार भरून आणले. मीच पुसलं. मले माहीतच नव्हतं वं..."

तिला समजलं की नाही, कोण जाणे. बोट फिरतच राहिलं. बळीराम हमसून हमसून रडला. मग त्यानं तिचा हात धरला आणि कान तिच्या तोंडाशी नेला.

"पहिलेच्या ओळी सांग. मी ऐकून राहिलो. कुठीच नाही जात."

प्रेमिलाचे ओठ बराच वेळ हलले. कपाळावर घाम आला.

"चांदणं," ती म्हणाली.