नदी डोंगर चढली, त्याचा मेल

सासूबाई निवृत्त झाल्या आणि थेट कॉलेजात जाऊन बसल्या. तीस वर्षं दवाखान्याच्या धुलाईखात्यात चादरींच्या घड्या घालण्यात गेली होती. आता संध्याकाळच्या वर्गात भूगोल शिकायचा होता. सून दुसऱ्या कॉलेजात शिकवायची. तिला या हौसेचं कौतुकच वाटलं.

पण पहिल्याच गृहपाठात घोळ झाला. उंचीच्या रेषा उलट्या वाचल्या गेल्या आणि सासूबाईंच्या नकाशात नदी चक्क डोंगर चढून गेली. हे त्यांच्या ध्यानात आलं ते नकाशा जमा करून घरी आल्यावर. त्यांनी जेवणाचं ताट बाजूला सारलं.

"आई, सरांना मेल करा की."

"लिहून ठेवलाय. तू नुसती नजर टाक."

सुनेनं नजर टाकली. विषयाची जागा कोरी. खाली सव्वीस ओळी. सरांची तब्येत कशी आहे, मंगळवारी फार खोकत होते, एवढ्या तरुण वयात इतकं बारीक अंग बरं नव्हे, घरी स्वयंपाक कोण करतं... नदीचा उगम झाला तो एकविसाव्या ओळीत.

"हा मेल आहे की पुराण?"

"अगं, आपलं काम आहे ना त्यांच्याकडे? मग आधी विचारपूस नको? तोंड वर करून मागायचं?"

"विचारपूस हवी, पण सर दमतील हो! आणि नाव कुठाय तुमचं?"

"अक्षरावरून ओळखतील की."

"मेलमध्ये सगळ्यांचं अक्षर सारखंच असतं, आई."

सुनेनं समजावलं: आधी विषय, मग आपण कोण, कुठल्या वर्गातले, काय चुकलं, काय हवंय, शेवटी आभार.

"म्हणजे मळक्या चादरींच्या गाठोड्यावरच्या चिठ्ठीसारखं. वॉर्ड कुठला, नग किती, डाग कसला."

"अगदी तस्सं!"

मग मात्र सासूबाईंनी झरझर चार ओळी लिहिल्या. सोमवारपर्यंत मुदत मागितली, चुकीवर लाल खूण केलेला घरचा कच्चा नकाशा सोबत जोडला आहे, असंही लिहिलं. सून दूध उतू जातंय का बघायला उठली, तेवढ्यात मेल गेलासुद्धा. परत येऊन बघते तर खाली पाचवी ओळ: "ता. क. गरम पाण्याची वाफ घ्यावी. खोकला अंगावर काढू नये."

"आई!"

"एकच ओळ गं."

"आणि नकाशा? तो जोडलाच नाहीत!"

सासूबाईंनी कपाळावर हात मारला. दुसरा मेल मात्र त्यांनी कुणाला न विचारता पाठवला: "नकाशा राहिला होता, आता जोडला आहे. क्षमस्व."

उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी आलं. "सोमवारपर्यंत नवा नकाशा द्या. अर्ध्या वर्गाची नदी डोंगर चढली आहे. आपणहून कळवलंत ते फक्त तुम्ही. वाफ घेतो आहे, आराम आहे."

सासूबाईंनी ते तीनदा मोठ्यानं वाचलं. तिसऱ्यांदा शेवटचं वाक्य जरा जास्तच सावकाश. हसू लपवायला सुनेला खिडकीकडे तोंड करावं लागलं.

रविवारी जेवणाचं टेबल नकाशानं अडवलं. पाणी उताराला लागेपर्यंत सासूबाई जागच्या हलायला तयार नव्हत्या, तेव्हा सुनेनं ओट्याशी उभ्या उभ्याच जेवून घेतलं.