सुधाकररावांना न पटलेली पिस्तुलं

सुधाकररावांनी बायको पसंत केली तेव्हा समोरचा चहासुद्धा निवला नव्हता, पण एक पिस्तूल पसंत करायला त्यांना दोन हिवाळे पुरेनात. हे म्हणणं रुपाबाईंचं, म्हणजे त्या बायकोचंच. आदिलाबादच्या कापूस बाजारात ते इतक्यांदा सांगून झालं होतं की पहिला शब्द निघाला की लोक हसायला सुरुवात करत, आणि सगळ्यांच्या आधी सुधाकरराव.

एक पिस्तूल तोंडाकडून जड, दुसऱ्याची मूठ जाड, तिसरं हातात बसतं पण त्याच्या नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी डोळ्यापुढे फिकी पडते. प्रत्येकात काहीतरी खोट निघायचीच. मुलगी पाहायला जाणाऱ्या आगाऊ पाहुण्यांचे नखरे बरे, असं रंजीता म्हणायची. रंजीता त्यांची एकुलती एक. बी.कॉम. होऊन बापाच्याच अडतीवर बसली होती आणि महिन्याकाठी एकदा त्यांना गाडीत घालून हैदराबादेजवळच्या नेमबाजीच्या मैदानावर नेत होती. गेल्या हिवाळ्यात गाडी ते चालवायचे. या हिवाळ्यात ती चालवत होती, आणि याचं कारण तिनं विचारलं नव्हतं.

त्यांचा हा नाद जुना. कॉलेजात असताना एन.सी.सी.च्या शिबिरात त्यांच्या हाती पॉइंट टू-टूची रायफल आली होती. एवढंसं काडतूस, बुडाच्या कडेत चिमूटभर बारूद, आवाज टाळी वाजवल्याएवढा, आणि लांबवरच्या कागदाला बरोबर मधोमध भोक. ते भोक पाहून त्यांना जे सुख झालं ते पुढं कशानंच झालं नाही, असं ते बायकोसमोरच सांगत. उभ्या जन्मात त्यांनी चिमणी मारली नाही. त्यांना फक्त कागद हवा होता. धंदा लागला, लग्न झालं, हौस गुंडाळून ठेवली, ती पन्नाशीनंतर पुन्हा बाहेर काढली. परवान्याची दरखास्त, तिची तसदीक म्हणजे पडताळणी, ठाण्यातली चौकशी, सगळं रीतसर झालं. कपाशीवाल्याला पिस्तूल कशाला, असं जो तो विचारायचा. इंद्रवेल्लीकडचे म्हातारे शेतकरी अडतीवर आले की सुधाकरराव भिंतीवर टांगलेला लक्ष्याचा कागद उलटा करून ठेवत. त्या माणसांनी तरुणपणी, एक्क्याऐंशी साली, आपल्या सभेवर पोलिसांच्या गोळ्या कशा सुटतात ते पाहिलेलं होतं, आणि आपल्या हौसेनं कुणाच्या काळजाला चरका बसू नये एवढं त्यांना कळत होतं. रुपाबाईंची अट एकच होती, पिस्तूल घरात यायचं नाही. ते मैदानाच्याच कपाटात राहणार होतं आणि अट त्यांना आनंदानं मान्य होती.

आता या माणसाच्या हाताबद्दल सांगायला हवं. बाजारात कापूस पारखायची यंत्रं आली, तरी जुने व्यापारी ढिगात हात घालून चिमूटभर कापूस काढतात, दोन्ही हातांच्या अंगठ्यांखाली धरून ओढतात आणि कानाशी नेऊन तोडतात. किती ओढल्यावर तुटला, तुटताना कसा वाजला, यावरून धागा किती चिवट ते ठरतं. सुधाकररावांचा हात या कामात पक्का. त्यांनी चांगला म्हटलेला कापूस गिरणीवाले दुसऱ्यांदा पाहत नसत.

यंदा दसऱ्यानंतर पहिल्या गाड्या आल्या तेव्हा त्यांनी चिमूट ओढली आणि ते थक्क झाले. तुटेना. दुसऱ्या गाडीचाही तुटेना. असा चिवट धागा आपण कधी पाहिला नाही, यंदा जमिनीनं कमाल केली, असं ते साऱ्या बाजाराला सांगत सुटले आणि शेजारच्या अडतीपेक्षा चढा भाव देऊ लागले. शेतकरी खूश. शेजारचे गालातल्या गालात हसत होते. रंजीतानं त्याच ढिगातली चिमूट घेऊन ओढली तर ती पट्‌कन तुटली. तिला वाटलं आपलंच काही चुकलं. तिनं दुसरी ओढली, तीही तुटली. कापूस नेहमीसारखाच होता.

 त्या दिवसापासून तिनं बापाकडं नीट पाहायला सुरुवात केली. शर्टाचं वरचं बटण ते लावत नव्हते, गरम होतं म्हणायचे. दुकानाचं कुलूप तिला काढायला सांगायचे, किल्ली घासली म्हणायचे. उजव्या अंगठ्याच्या बुडाशी मांसाचा जो फुगीर उंचवटा असतो तो बसून गेला होता. आणि ते कापसाची चिमूट ओढून तिला विचारायचे, काय रंजी, आहे की नाही चिवट? ती म्हणायची, हो बाबा, चिवट आहे.

ती हे का म्हणत होती ते तिचं तिलाच पुरतं सांगता आलं नसतं. दिवसभर त्यांचा चेहरा इतका फुललेला असायचा की त्यावर पाणी ओतायचा धीर तिला होत नव्हता. रुपाबाईंना मात्र तिनं सांगितलं. दोघी मायलेकींनी डॉक्टरचा विषय काढून पाहिला. सुधाकरराव हसले आणि म्हणाले, की मैदानावरची भाड्याची पिस्तुलं वापरून हात अवघडलाय, मनासारखं मिळालं की आपोआप मोकळा होईल. पुन्हा विषय काढला तेव्हा ते रागावले, जेवत्या ताटावरून उठले. हात बिघडलेला नाही, पिस्तूल बिघडलेलं आहे, हे त्यांच्या मनानं घट्ट धरलं होतं, आणि एकेक पिस्तूल नापसंत करत ते ती समजूत जपत होते.

शेवटी रंजीतानं त्यांना न सांगता हैदराबादेत नसांच्या डॉक्टरची वेळ घेतली. शनिवारी मैदान, सोमवारी डॉक्टर. मधल्या रविवारी मावशीकडं मुक्काम. बापाला तिथवर कसं न्यायचं ते तिला माहीत नव्हतं. घरून निघताना रुपाबाईंनी तिला बाजूला घेतलं आणि आता तूच पाह्य, एवढंच म्हणाल्या.

मैदानावर पिस्तुलांची देखभाल विनय नावाचा एक शांत माणूस करायचा. सुधाकररावांच्या साऱ्या तक्रारी ऐकून ऐकून त्यानं या वेळी त्यांच्यासाठी म्हणूनच एक पिस्तूल मागवून ठेवलं होतं. तोंडाकडून हलकं, वजन मनगटाशी आलेलं, लाकडी मूठ त्यांच्या पंजाच्या मापानं कानशीनं घासून बसवलेली. सुधाकररावांनी ते उचललं, हात लांब केला, एक डोळा बारीक केला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.  खाली ठेवलं तेव्हा त्यांचे डोळे पाणावलेले होते.

"रंजी, हेच," ते म्हणाले. "हेच पाह्यत होतो मी."

रंजीताला वाटलं, देवा, खरंच पिस्तुलातच खोट असू दे. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा तिनं ते मनापासून मानलं.

विनयनं एक उडवलेलं रिकामं काडतूस आत सरकवलं. या जातीचं पिस्तूल अगदी रिकामं चालवलं तर आतली कांडी नळीच्या काठावर आदळून खराब होते, म्हणून नुसता चाप ओढून पाहताना अशी सोय करतात. सुधाकररावांनी नेम धरला आणि चाप ओढला. काही झालं नाही. त्यांनी श्वास सोडला, पुन्हा धरला, पुन्हा ओढला. मानेची शीर तटतटली, बोट पांढरं पडलं. मग त्यांनी पहिलं बोट काढून मधलं घातलं. तेही तिथंच थांबलं.

"चाप कडक हाये याचा," ते म्हणाले. "स्प्रिंगच खराब देल्ली त्यायनं."

 वाद नको म्हणून विनयनं मैदानावरचं एक किलोचं वजन आणलं. स्पर्धेआधी ते चापाला टांगून पाहतात. तेवढा भार चापानं पेलला पाहिजे, आणि नीट जुळवलेला चाप त्यावर जराशी भर पडली की सुटतो. सुधाकररावांनी वजन आधी आपल्या डाव्या हातात घेतलं. सारा जन्म काट्यापुढं काढलेला माणूस, वजन खरं आहे हे त्यांना लगेच कळलं असणार. विनयनं पिस्तूल उभं धरून वजन टांगलं. चाप जागचा हलला नाही. मग त्यानं त्यावर एक छोटं वजन ठेवलं आणि आतून टक असा आवाज आला.

पिस्तूल जसं असायला हवं तसंच होतं. विनयनं खाली पाहत त्याचा घोडा पुन्हा चढवला. सुधाकररावांनी पिस्तूल त्याच्या हातातून घेतलं आणि रंजीतापुढं धरलं.

"तू वढून पाह्य. तुलेबी कडकच लागते का नाई, सांग."

त्यांच्या आवाजात विनवणी होती. जन्मात कुणापुढं हात न पसरलेला तिचा बाप तिच्याकडं खोटं मागत होता. ते देणं अगदी सोपं होतं. बोट चापाला लावायचं, तोंड वाकडं करायचं, हो बाबा, कडक आहे म्हणायचं, की विनय हे पिस्तूलही परत पाठवील, परतीच्या वाटेवर बाबा नव्या खोटी काढतील, घरी आई चहाचा विनोद करील आणि सगळे हसतील. आणि तो अंगठा सुकत राहील.

तिनं मूठ धरली. ती तिच्या हाताला मोठी होती, त्यांच्या पंजाची होती. समोरच्या कागदावरचं काळं वर्तुळ तिला दिसेना, डोळे भरून आले होते. तिनं चाप ओढला. टक.

मैदानावर दुसऱ्या टोकाला कुणीतरी सराव करत होतं, त्याचे बारीक आवाज येत होते. तिनं पिस्तूल मेजावर ठेवलं आणि बापाकडं पाहायचं टाळलं. 

"कापूसबी असाच होता का?" सुधाकररावांनी विचारलं.

"हो बाबा."

"दिवाळीपासून?"

"दसऱ्यापासून."

त्यांनी मान हलवली. रागावतील, ओरडतील, निदान मला आधी काऊन नाही सांगितलं एवढं तरी विचारतील म्हणून ती वाट पाहत होती, पण त्यांनी काही विचारलं नाही. ते विनयकडं वळले आणि त्याला आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाले, की पिस्तूल फार चांगलं आहे, आधीचीही सगळी चांगलीच होती, मी उगाच नावं ठेवली, मनावर घेऊ नका. मग त्यांनी खिशातला रुमाल काढून पिस्तुलाची मूठ पुसली. त्या घासलेल्या लाकडावरून ते पुन्हा पुन्हा रुमाल फिरवत होते, आणि विनयनंही ते उचलायची घाई केली नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी पट्टा लावायचा प्रयत्न केला नाही. हात मांडीवर ठेवून थांबले. रंजीतानं वाकून तो लावला. तेव्हा त्यांनीच विचारलं, डॉक्टर कधी भेटनार हाये? तिनं सोमवार सांगितला. रुपाबाईंनी फोन करून त्यांना वेळ घेतल्याचं केव्हाच सांगून टाकलं होतं, आणि पोरीचं मन मोडू नका म्हणून बजावलं होतं.

सोमवारी डॉक्टरनं हात पाहिला, पाय पाहिले, सुया टोचून तपासण्या केल्या. हाताला हुकूम पोचवणाऱ्या नसाच सुकत चालल्या आहेत, म्हणाला, औषधानं वेग थोडा कमी होईल, गेलेलं परत यायचं नाही. पुढं डावा हात, मग बाकीचं. हे तो फार हळू आवाजात बोलला. त्याआधी त्यानं आपली दोन बोटं सुधाकररावांच्या मुठीत दिली होती आणि जोर लावून दाबा म्हटलं होतं. दाबताना सुधाकरराव डॉक्टरकडं पाहत नव्हते, रंजीताच्या तोंडाकडं पाहत होते. तिनं नजर हलवली नाही. तिच्या गालावरून पाणी वाहत होतं आणि तिनं ते वाहू दिलं.

संक्रांतीच्या आधी अडतीवर पंढरी कापूस घेऊन आला. नदीपलीकडच्या शिवेवरचा, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक. सुधाकरराव नेहमीच्या जागी बसले होते, हात उपरण्याखाली. पंढरीनं सवयीनं त्यांच्यापुढं चिमूट धरली. त्यांनी हनुवटीनं मुलीकडं खूण केली.

"तू तोड," ते म्हणाले. "पन माह्या कानापाशी तोड. मी आयकतो."

रंजीता उठून त्यांच्या शेजारी गेली. चिमूट अंगठ्यांखाली धरली, त्यांच्या कानाशी नेली आणि ओढली. त्यांनी डोळे मिटले होते. धागा तुटला. ते जरा थांबले, आणि मग तिला विचारलं, काय म्हणतेस?

"मध्यम हाये, बाबा," ती म्हणाली.

"हो," सुधाकरराव म्हणाले. "मध्यमच हाये."