घराभोवतीची धार

परदेशात, पापाकुऱ्यात सुमेधने घर बांधलं आणि वास्तुशांतीला पुण्याहून त्याचे वडील नानासाहेब आले. आयुष्यभर मास्तरकी केलेली. दोन शब्द सांगितल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. गुरुजींमागून सुमेध आणि सूनबाई घराभोवती पाण्याची धार सोडत निघाले, तेव्हा कुंपणापलीकडे शेजारचा म्हातारा हेमी हातात पिशवी घेऊन उभा होता. माओरी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांपैकी माणूस, दर रविवारी न चुकता चर्चला जाणारा. त्याला परकं वाटू नये म्हणून नानासाहेबांनी मिशनच्या शाळेत ऐकलेली यरीहोची गोष्ट काढली.

"तुमच्या बायबलातही हेच की! इस्राएल लोकांनी शहराला फेऱ्या घातल्या, रणशिंगं फुंकली आणि देवाने तट पाडला. देवच जमीन देतो म्हटल्यावर अडवणार कोण?" आणि वर हसून म्हणाले, "आम्हालाही त्यानेच दिली बघा."

हेमी हसला नाही, चिडलाही नाही.

"माझ्या खापरपणजोबांचं गाव इथेच होतं. जमीन घ्यायला गोरे सैनिक आले, तेव्हा त्यांच्या पाद्र्यानेही हीच गोष्ट सांगितली होती," तो म्हणाला. "आम्ही तटाच्या आत होतो."

नानासाहेबांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. सकाळीच गुरुजींनी या जागेच्या एकेका देवतेची परवानगी मागितली होती, आणि त्यांनी खणखणीत आवाजात साथ दिली होती.

हेमीने पिशवी पुढे केली. त्याच्या झाडाचे पेरू होते. "पूजेला ठेवा," तो म्हणाला.

नानासाहेबांना मान वर करून ती घेता आली नाही.