हाडात कोंडलेली अक्कलदाढ

मी अक्कलदाढ बोलतेय. जगाला अक्कल यायच्या वेळी मी यायचं, पण मलाच बाहेर पडता आलं नाही! तलातूच्या खालच्या जबड्यात मी आडवी रुजले आणि तिथेच कोंडले. भोवती एक गाठ वाढू लागली. ती हाड पोखरायची आणि मला आणखी खोल ढकलायची. उजेड कसला तो माहीत नव्हता. तलातू बोलली की हाड थरथरायचं, तेवढंच माझं जग.

तलातू नायजेरियातल्या सोकोटोच्या बाजारात चवळीची भजी तळायची. गाल फुगला तशी तिने ओढणी नाकापर्यंत ओढली.

"दुखतं का गं?" शेजारीण विचारायची.

"छे!"

"मग आजार कसला? भजी गालात लपवतेस वाटतं!"

आमच्याकडे दुखत नाही त्याला आजार म्हणत नाहीत. पुढे दानलामी न्हाव्याने दाढेत कीड असल्याचं सांगून माझ्या दोन धडधाकट शेजारणी उपटल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी! गाठ वाढतच राहिली. घास गिळवेना, तेव्हा थोरल्या लेकीने, सुवैबाने, आईला ओढतच इस्पितळात नेलं.

तलातू या लेकीला 'अगं ए' म्हणायची. पहिल्या लेकराचं नाव आईने तोंडाने घ्यायचं नाही, ही आम्हा हौसा लोकांची लाज. लेक तिशीला आली, तरी ते नाव माझ्यावरून कधी गेलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "कॅन्सर नाही. पण खालचा उजवा जबडा काढावा लागेल."

"बोलता येईल?" तलातूने विचारलं.

"येईल. पूर्वीसारखं स्पष्ट नाही."

शस्त्रक्रियेच्या दिवशी तलातूला आत नेताना हाड असं थरथरलं, की मी दचकलेच.

"सुवैबा!"

लेकीला रडू फुटलं. "पुन्हा म्हण ना, आई."

"पुरे! लोक ऐकतायत," तलातू म्हणाली. आणि मग हळूच, "सुवैबा."

आता मी जबड्याच्या तुकड्यासकट बाटलीत आहे, डॉक्टरीणबाईंच्या खिडकीत. गाठीने इथेही मला सोडलेलं नाही. उजेड दिसला, तोही काचेतून. एकही भजं चावायला मिळालं नाही, याचं फार वाईट वाटतं. बाबांनो, न दुखणारी सूजही वेळेवर दाखवा, एवढंच मागणं.

काल तलातू तपासणीला आली. हनुवटी वाकडी, बोलणं बोबडं, पण तोंडावर ओढणी नाही. लेक व्हरांड्यात रेंगाळली, तशी तिने सगळ्यांदेखत हाक मारली, "थुवैबा, चल ना गं!"

हाक काचेतून ऐकू आली. माझं हाड मात्र थरथरलं नाही.