बिननावाचा ड्रोन

शेत गावाकडं आणि घर नांदेडात, हे दुखणं ज्याचं त्यालाच माहीत. आठवडाभर कचेरीत मान मोडायची, आणि रविवारी शेजारीपाजारी आरामात पोहे खात बसलेले असताना आपण मुदखेडची वाट धरायची. रेणुकादासरावांनी हे वर्षानुवर्षं केलं. आताशा गुडघे बोलायला लागले होते. शेत रामकिशनकडं बटाईनं होतं. माणूस कष्टाळू होता, हळद दरसाल चांगली निघत होती, तक्रारीला जागा नव्हती. तरी रेणुकादासरावांच्या डोक्यात एक किडा वळवळत राहायचा. मी इथं फायली उपसून राहिलो, आणि तिकडं हा खरंच राबतो की नुसता लिंबाखाली बसतो?

दिवाळीला मुलगा सर्वेश पुण्याहून आला आणि त्याने वडिलांच्या हातात ड्रोन ठेवला.

"बाबा, आता दर रविवारी शेतात पाय तुडवत फिरू नका. हा वर सोडायचा, मोबाइलवर सगळं शेत दिसतं. फक्त एक करा, हा अडीचशे ग्रॅमच्या वरचा आहे, सरकारी साइटवर याची नोंदणी करावी लागते. एक नंबर मिळतो, तो याच्यावर लावायचा. मी फॉर्म उघडून देऊ का?"

"अरे, खेळण्याला कसली आलीय नोंदणी!" रेणुकादासराव हसले. "दिवसभर लोकांचे फॉर्मच तर बघतो मी. घरी तरी सुखानं राहू दे."

आता गंमत पाहा. हेच गृहस्थ कचेरीत एक सही राहिली म्हणून म्हाताऱ्या माणसाचा अर्ज परत पाठवायचे, "नियम म्हणजे नियम" असं वर ऐकवायचे. स्वतःवर वेळ आली तेव्हा नियमाचं झालं खेळणं! आणि खरं सांगायचं तर आळस हे अर्धंच कारण होतं. नाव नाही, नंबर नाही, कुणाचा ड्रोन ते कुणाला कळणार नाही, हेच त्यांना आतून बरं वाटत होतं.

मग सुरू झाला नवा रविवार. शेताच्या अलीकडं कालव्याचा रस्ता आहे. तिथं बाभळींच्या आडोशाला स्कूटर लावायची आणि खाली आवाज पोचणार नाही इतका ड्रोन उंच सोडायचा. रामकिशन दिसला की बघत बसायचं. एकदा तो बांधावर टेकलेला दिसला तेव्हा रेणुकादासरावांनी तिथूनच फोन लावला.

"काय रामकिशन, बसलास वाटतं?"

"आत्ताच टेकलो साहेब, पाणी प्यायला," रामकिशन गडबडून उठताना पडद्यावर दिसला. "पर तुमाला कसं कळलं?"

"मालकाला सगळं कळतं," असं म्हणून रेणुकादासराव स्वतःशीच खूश झाले.

हळद काढणीचे दिवस आले. ज्यांनी हळद पाहिलीय ती फक्त जेवणातली, त्यांना सांगतो, ती शिजवणं म्हणजे जिवाचं पाणी आहे. माती, वाफ, धूर, आणि अंगाला येणारी खाज. दिवस कलला की मजूर बाया हौदावर अंग धुऊन मगच घरी जातात. चार बांबू रोवून लुगडी बांधायची, त्यात आडोशाला आंघोळ उरकायची. त्या वेळी हौदाकडं कुणी पुरुष फिरकत नाही. जावंच लागलं तर लांबून खाकरतो, हाक देतो. हा कुठे लिहिलेला कायदा नाही, पण आजवर कुणी मोडला नव्हता.

त्या रविवारी रेणुकादासरावांना बघायचं होतं शिजलेल्या हळदीचा ढीग. नीट दिसावं म्हणून खाली उतरवलेला ड्रोन ढिगावरून पुढे सरकला आणि हौदावर आला. लुगडी चारी बाजूंनी होती. वरून कशानं झाकणार? खाली एकच कल्लोळ उडाला. बाया मिळेल ते अंगावर ओढून पळाल्या. एकीनं ओल्या अंगानंच ढेकूळ उचलून वर भिरकावलं. रेणुकादासरावांनी घाईघाईनं ड्रोन माघारी घेतला, पिशवीत कोंबला आणि तडक नांदेड गाठलं. मी काही मुद्दाम केलं नाही, असं ते वाटभर स्वतःला सांगत राहिले. चित्रण मात्र मोबाइलमधून पुसलं नाही. पुसलं असतं तर काही घडलं हे कबूल केल्यासारखं झालं असतं ना!

दोन दिवसांनी कचेरीत रामकिशनचा फोन आला. आवाज पार खोल गेला होता.

"साहेब, लई वाईट झालं. शेतात बायांवर कुणी तरी ड्रोन उडवला. गाव म्हणून राहिलं, माज्या पोरानं, धम्मदीपनंच केलं."

रेणुकादासरावांच्या हातातला पेन तसाच राहिला. "धम्मदीपनं? त्याचंच नाव का बरं?"

"आयटीआय झाला हाय ना त्याचा. कुणाचा मोबाइल, कुणाची मोटार दुरुस्त करत ऱ्हातो. त्याच्या खोलीत वायरी सापडल्या, म्हणं ड्रोनच्याच हायेत. साहेब, त्याचं रेल्वेत झालंय. पोलिसांची तपासणी व्हायची हाय अजून. आता केस झाली तर पोराचं सगळं गेलं. उद्या सकाळी पंचायतीपुढं बसणार हायेत समदे. तुमी या. तुमचा शबूद गाव मोडणार न्हाई."

वायरी हे झालं सांगायचं कारण. खरं कारण कुणी तोंडावर आणलं नाही, पण ते सगळ्यांना ठाऊक होतं. पोरगा बौद्ध वस्तीतला होता, शिकला होता, कुणापुढं वाकत नव्हता. बोट दाखवायला गावाला तेवढं पुरे झालं.

घरी आल्यावर रेणुकादासरावांचा चेहरा पाहून सौदामिनीबाईंनी विचारलं. त्या शाळेत शिकवत. आयुष्यभर पोरांचे चेहरे वाचलेल्या बाईपुढं हे किती वेळ तग धरणार? सगळं बाहेर आलं. त्यांनी चित्रण मागितलं, क्षणभर पाहिलं आणि मोबाइल पालथा ठेवला.

"त्यात सुमनबाई आहे. रामकिशनची बायको, धम्मदीपची आई."

"अगं, मी काही मुद्दाम..."

"मुद्दाम नव्हतं ना? मग उद्या जाऊन तसं सांगा."

"आणि माझ्या इज्जतीचं काय? रिटायरमेंट तोंडावर आलीय. कचेरीत समजलं तर? बिननोंदणीचा ड्रोन, वर बायांचं चित्रण! मी असं करतो, पोरगा गुणाचा आहे, सोडून द्या, एवढं सांगतो. प्रकरण मिटेल."

सौदामिनीबाई थकल्यासारख्या खुर्चीत बसल्या.

"आपल्या गॅलरीकडं तोंड करून समोरच्यांनी कॅमेरा लावला होता, आठवतंय? मी केस वाळवायला बाहेर बसायची सोडली होती. तुम्ही किती आरडाओरडा केलात! सोसायटीला अर्ज, पोलिसात अर्ज. 'माझ्या घरातल्या बाईकडं बघायचा यांना काय अधिकार?' हे तुमचेच शब्द. ते म्हणाले होते, आमच्या भिंतीवर आमचा कॅमेरा आहे. तेव्हा तुम्हाला पटलं नव्हतं. आता तुम्ही म्हणताय, माझ्या शेतावर माझा ड्रोन आहे."

"ते वेगळं होतं."

"काय वेगळं होतं? मी तुमची बायको, आणि त्या मजूर, एवढंच ना? अहो, सातबारा जमिनीचा असतो. तिच्यावर राबणाऱ्या माणसांचा नसतो!"

सकाळी दोघं निघाले तरी रेणुकादासरावांचं काही ठरलेलं नव्हतं.

पंचायतीपुढं माणसं दाटली होती. सरपंच सिद्धेश्वर पाटलांनी रेणुकादासरावांना पाहताच खुर्ची पुढं केली. रामकिशन भिंतीला टेकून उभा होता. त्याला कुणी बस म्हटलं नव्हतं. धम्मदीप मधोमध ताठ उभा होता. ओठ आवळलेले आणि डोळे लाल.

बायांच्या टोळीची मुकादम गंगम्मा तावातावानं बोलत होती. देगलूरकडून लग्न होऊन आलेली ही बाई कुणाच्या बापाला भीत नसे. "माणूस असला तर बांधावरून खाकरतो. हे मशीन खाकरत न्हाई, सांगत न्हाई, डायरेक्ट डोक्यावर! आमी हळदीला येणार न्हाई आता. ज्यानं केलं त्याला उभा करा आमच्या म्होरं."

"उभा केलाच की हा!" मागून कुणी तरी ओरडलं.

सुमनबाई पुढं आली. "मी बी तितंच व्हते ना! म्याच ढेकूळ मारलं. माजं लेकरू माज्या अंगावर मशीन फिरवल का? जरा तरी इचार करा रे!"

मग रेणुकादासराव उठले आणि रात्री बायकोला म्हणाले होते तेवढंच बोलले. "पोरगा चांगल्या घरचा आहे. मी ओळखतो. केस वगैरे नको."

सिद्धेश्वर पाटील जणू याचीच वाट पाहत होते. "साहेबांनी शब्द टाकला, मग आपण मोठं मन करू. केस नाही. धम्मदीप, सगळ्या बायांची माफी माग अन् विषय संपव."

झालं! इतकं सोपं होतं. रेणुकादासरावांना घाम फुटला होता, तो सुकायला लागला. त्यांनी सौदामिनीबाईंकडं पाहिलंच नाही.

"मी माफी मागणार न्हाई," धम्मदीप म्हणाला. "मी केलंच न्हाई. केस करायची तर करा."

"बघा, बघा मस्ती!" गर्दी खवळली.

तशी सुमनबाई धावली. "बाळा, माग रे माफी! नोकरी जाईल रे तुझी!" पोरगा हलेना. मग तिनं पदर पुढं घेतला, हात जोडले आणि ती रेणुकादासरावांसमोरच वाकली. "साहेब, त्याच्या वाटची म्या मागते. चुकलं त्याचं. पदरात घ्या."

ज्या बाईची अब्रू आपण उघडी केली, तीच आपल्या पायाशी माफी मागतेय! खुर्ची मागे सारून रेणुकादासराव ओरडलेच, "उठा! सुमनबाई, उठा! तो ड्रोन माझा आहे!"

मग ते गर्दीकडं वळले.

"माझा आहे. रामकिशन काम करतो की नाही ते चोरून बघत होतो मी. कालव्यावर उभा राहून. धम्मदीपचा काडीचा संबंध नाही."

सुमनबाई सावकाश उभी राहिली. तिनं एकच विचारलं, "तुमी बघितलं का, साहेब?"

नाही म्हणणं किती सोपं होतं! पण आता त्यांना खोट्याचाही शीण आला होता. "हो," ते म्हणाले. "बघितलं."

गंगम्मानं जमिनीवर थुंकून तोंड फिरवलं. रामकिशन मालकाकडं असा पाहत राहिला, जणू आजवर ज्याला आपण ओळखत होतो तो माणूस हा नव्हेच. आणि गर्दीचं म्हणाल, तर गर्दीचा नूर बघता बघता पालटला. "साहेबांचं लक्ष नसेल... शेत बघायला गेले होते... होतं कधी कधी... जाऊ द्या आता," असे आवाज यायला लागले. सिद्धेश्वर पाटील घसा साफ करत म्हणाले, "चूक कबूल केली, मोठेपणा आहे. मिटवा."

धम्मदीप हसला. ते हसणं ऐकवत नव्हतं. "माझं नाव व्हतं तवर केस व्हती. साहेबांचं निघालं तर चूक झाली का?"

रेणुकादासराव म्हणाले, "तो बरोबर बोलतोय. केस होईल, सरपंच. माझ्या नावानं होईल. चला माझ्याबरोबर ठाण्यात."

सौदामिनीबाईंनी नवऱ्याचा मोबाइल गंगम्माच्या आणि सुमनबाईच्या हातात दिला, त्यांना बाजूला नेलं आणि त्यांच्याच सांगण्यावरून, त्यांच्या देखत ते चित्रण पुसलं. मग सगळे ठाण्यात गेले. बिननोंदणीचा ड्रोन जमा झाला, जबाब झाला, कारवाई सुरू झाली. कचेरीत कुजबुज झाली, ती अजून थांबलेली नाही. धम्मदीपची तपासणी निर्वेध पार पडली आणि तो रेल्वेत रुजू झाला. रामकिशननं हळद वाळवून, पोती भरून दिली आणि म्हणाला, "साहेब, पुढल्या साली दुसरा मानूस बघा. मी शेत करत होतो, तुमी मला बघत होता. आता मला तितं वाकून काम व्हायचं न्हाई."

रेणुकादासरावांनी थांब म्हटलं नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

परवा कचेरीतला तरुण सहकारी आलोक त्यांना म्हणाला, "साहेब, मीही ड्रोन घ्यावा म्हणतो. शेतावर लक्ष राहतं."

"घे," रेणुकादासराव म्हणाले. "नोंदणी कर, नंबर लाव, कुठं उडवायची मनाई आहे ते नकाशावर बघून घे. आणि उडवण्याआधी खाली जी माणसं असतील त्यांना विचार."

"विचारलं तर लक्ष कसं राहणार?"

"मग ते लक्ष नव्हे, आलोक. ती चोरी आहे."

नागरिकहो, ड्रोनमध्ये वाईट काही नाही. पिकावर औषध मारायला, शेताची पाहणी करायला तो आज ना उद्या गावोगाव येणारच. नोंदणीचा नियम कुणाला छळायला केलेला नाही. आपण जे करू त्याला आपलं नाव लागावं, एवढाच त्याचा अर्थ आहे. जे काम आपलं नाव लपवूनच करता येतं ते आपण करू नये. आणि हे एकदा नक्की समजून घ्या, जमीन विकत मिळते, वारशानं मिळते, पण तिच्यावर काम करणाऱ्याच्या अंगावर नजर टाकायचा हक्क कुठल्याच खरेदीखतात लिहून मिळत नाही. रेणुकादासरावांना हे समजलं. समजेपर्यंत एका आईला, काही गुन्हा नसताना, सगळ्या गावापुढं वाकावं लागलं.