भात्याचे तीन चेंडू

काचेच्या त्या कारखान्यात त्याला सगळे भाता म्हणत. त्याच्या फुंकरीच्या ज्या गोष्टी सांगतात त्यातल्या निम्म्या शुद्ध थापा आहेत. कुठल्या निम्म्या, ते भात्यालाही ठाऊक नव्हतं. एकदा म्हणे बरणी फुंकता फुंकता त्याला शिंक आली, आणि बरणीला असं पोट सुटलं की पुढे तिच्यात मांजर व्याली. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणाची तरी टोपी त्याच्या फुंकरीने उडाली होती, ती अजून खाली यायची आहे.

कारखान्याच्या खिडकीत एक आडवी दांडी होती. इथे फुंकणाऱ्या प्रत्येकाने एक काचेचा गोळा फुंकायचा, त्याचं तोंड बंद करायचं आणि तो दांडीला टांगायचा. आत त्या माणसाचा श्वास कोंडलेला. माणसाने भट्टी सोडली की गोळा उतरवून त्याच्या हातात द्यायचा, अशी रीत. भात्याचा गोळा कलिंगडाएवढा. खिडकी उघडायला जाणारा प्रत्येक जण त्याच्यावर डोकं आपटे आणि भात्याच्या नावाने बोटं मोडी.

मग बरण्या आकसायला लागल्या. भाता कधी भट्टीला दोष देई, कधी काचेला. विक्री सांभाळणारा त्याचा मेहुणा गिऱ्हाइकांना बेधडक सांगे, सध्या अशाच नाजूक बरण्यांची चलती आहे. खोकला काही हटेना, शर्टाची कॉलर गळ्याभोवती सैल झाली, जिना चढताना धाप लागे. त्यावरही भात्याकडे एकेक सबब तयार होती. शेवटी धुवायला टाकलेल्या रुमालावर बायकोला रक्ताची रेघ दिसली. तिने सबब ऐकून घेतली नाही. त्याला रिक्षात घातलं आणि थेट दवाखाना गाठला.

स्कॅन झालं, गाठीचा तुकडा तपासून आला. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढून समजावलं. उजव्या फुप्फुसाचे तीन भाग असतात, त्यातल्या वरच्या भागात कॅन्सरची गाठ आहे. भट्टीशेजारी ओढलेल्या सिगारेटींचा त्यात मोठा वाटा असणार; अर्थात कधीही न ओढणाऱ्यालाही हा आजार होतो. पण गाठ लहान आहे, दुसरीकडे पसरलेली नाही, तो भाग काढून टाकता येईल. उरलेले दोन फुगून रिकामी जागा बरीचशी भरून काढतील. भात्याने एवढंच विचारलं, मला पुन्हा फुंकता येईल का?

"ते फुप्फुसं ठरवतील," डॉक्टर म्हणाले. "श्वासाचा व्यायाम मात्र चुकवायचा नाही."

ऑपरेशन नीट पार पडलं. घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी त्याच्या हातात प्लास्टिकचं एक यंत्र दिलं. तीन उभे खण, प्रत्येकात एक रंगीत चेंडू, आणि तोंडात धरायला नळी. चेंडू वर चढले पाहिजेत. बाई पुढे सांगत होत्या, पण जन्मभर तोंडात नळी धरलेल्या माणसाला नळी धरायला शिकवतात म्हणून भाता छताकडे बघत बसला. करून दाखवा म्हणाल्या, तर टाके दुखतात म्हणाला.

घरी येऊन त्याने मागच्या खोलीचं दार लावलं आणि फुंकलं. चेंडू ढिम्म. अंडी उबवायला बसलेल्या कोंबड्यांसारखे तिघेही जागच्या जागी. पुन्हा फुंकलं, गाल लाल झाले, टाके ठणकले, चेंडू बसलेले. रोज हेच. बाहेर येऊन तो बायकोला सांगे की तिन्ही चढतात, तिसरा तर आज छताला लागला. आतून मात्र त्याची खात्री पटत चालली होती की गाठीबरोबर डॉक्टरांनी त्याचा श्वासही कापून नेला.

मेहुणा भेटायला आला तेव्हा भाता म्हणाला, "माझा गोळा उतरव."

टोमणा मारायची एकही संधी न सोडणारा मेहुणा या वेळी तसाच उठला. मग स्वयंपाकघरात जाऊन बहिणीच्या कानावर घालून आला.

ती यंत्र घेऊन भात्यासमोर बसली आणि म्हणाली, चढवून दाखवा. भात्याने गाल फुगवून फुंकलं. ती बघत राहिली. मग तिने पदर तोंडाला लावला, पण हसू काही आवरेना.

"अहो, ओढायचं असतं ते. श्वास आत घ्यायचा. त्या बाई दोनदा सांगत होत्या."

भाता थिजला. नळीतून आत ओढायचं? कामाला लागला त्या दिवशी वस्तादाने पहिली थप्पड याच गोष्टीसाठी मारली होती. नळीच्या पलीकडे आग असते. श्वास नाकाने घ्यायचा, नळीत फक्त सोडायचा. त्याने ओठ टेकवले खरे, पण छाती ऐकेना. श्वास उंबऱ्यावर अडलेल्या बैलासारखा अडून राहिला.

"पलीकडे भट्टी नाहीये," बायको म्हणाली. "मी आहे."

त्याने डोळे मिटले आणि हळूच ओढलं. पहिला चेंडू डुगडुगत उठला आणि वर जाऊन टेकला. दुसरा उठू की नको असं करत जरासा हलला. भात्याला हसू आलं, हसल्याने टाके दुखले, आणि दुखतंय म्हणून तो आणखीच हसत सुटला.

गोळ्याचं काय केलंस, म्हणून त्याने मेहुण्याला विचारलं. मेहुणा म्हणाला, शिडीच सापडली नाही. शिडी कित्येक वर्षं त्याच खिडकीखाली टेकवलेली होती.

पुढची तपासणी चांगली आली. डॉक्टर म्हणाले, ठरल्या वेळी येत राहा, आणि लहानसहान काही फुंकायला हरकत नाही. भाता वाटेत दोनदा बसत कारखान्यात पोहोचला. सिगारेटची जागा खिशात आता बडीशेपेने घेतली होती. त्याने अगदी बेताची काच उचलली, फुंकली, तोंड बंद केलं, आणि लिंबाएवढा गोळा कलिंगडाशेजारी टांगला.

"एवढासाच?" मेहुणा म्हणाला.

"त्या मोठ्यात निम्मा धूर आहे," भाता म्हणाला. "यात नुसता श्वास."

लोक अजूनही मोठ्या गोळ्यावर डोकं आपटतात. अलीकडे एक नवी गोष्ट कानावर येते, की भात्याने नळीतून असा काही श्वास आत ओढला की समोरच्या दुकानाची पाटी निघून कारखान्यात आली. ही थाप कुणी उठवली याचा शोध लागलेला नाही. भात्याची बायको मात्र ती सगळ्यांना सांगत असते, आणि दर वेळी पाटी थोडी मोठी होते.