एका पातेल्यातलं पाणी

रविवारी सकाळी गोडदेव गावातल्या घरात वैजयंता खिडकीपाशी बसून एकेक काचपट्टी उजेडात धरत होती. आठ वर्षांची तेजश्री तिच्या खांद्यावरून डोकावत होती.

“आई, हे झाड आहे?”

“उंदराच्या पिल्लाची दूधग्रंथी आहे. लाल रंग दिला की अशी दिसते. लहानपणी तिला फांद्या थोड्याच असतात. वयात येताना अंगात इस्ट्रोजेन नावाचं हार्मोन वाढतं, मग फांद्याही वाढतात. ते आधीच बाहेरून दिलं तर काय होतं, ते बघतेय.”

निम्म्या पिल्लांना तिने तिळाच्या तेलात मिसळलेलं इस्ट्रोजेन टोचलं होतं, निम्म्यांना नुसतं तेल. पहिल्यांच्या ग्रंथी दाट झाल्या, हे अपेक्षितच होतं. पण नुसतं तेल दिलेल्यांपैकी काहींनाही भरपूर फांद्या फुटल्या होत्या. मग तुलना कशाशी करायची? प्रबंध उन्हाळ्याआधी द्यायचा होता. मार्गदर्शक मनोरमा मॅडम म्हणाल्या होत्या, “असे एखाददोन निघतातच गं. वगळ आणि पुढे जा.”

“ई! दुधाला भज्यांचा वास येतोय!” तेजश्रीने पेला खाली ठेवला.

“नाक आहे की काय! पोलिसातच घालूया तुला,” वाल्मिकअण्णा म्हणाले. वैजयंताचे हे सासरे शाळेतून निवृत्त झाले होते, पण शिकवणं सुटलं नव्हतं. “शोधूया चल. पेला कुठे धुतलास?”

“टपात. टँकर आला नाही ना, म्हणून सगळं त्यातच.”

“त्याआधी त्यात काय धुतलं?”

“कढई.”

अण्णांनी टप उन्हात सरकवला. पाण्यावर तेलाचा पातळ तवंग चमकत होता. त्यांनी कोरडा चमचा बुडवून काढला. “बोट लाव.”

“बुळबुळीत!”

“तेल पाण्यात विरघळत नाही, वर तरंगतं. मग जे भांडं बाहेर काढू, त्याला बिलगतं.”

वैजयंताचा हात थांबला. प्रयोगशाळेत काचेच्या सगळ्या सिरिंजा संध्याकाळी पाण्याने विसळून एकाच पातेल्यात उकळायच्या, हीच तिथली रीत होती. उकळलं म्हणजे स्वच्छ.

“अण्णा, पाणी उकळलं तर?”

“जंतू मरतील. तेल कुठे जाईल?”

तिने हातातली काचपट्टी पेटीत ठेवली. मग म्हणाली, “एखाददोन वगळले तर कुणाला कळणार नाही. पण कुठल्या पिल्लाच्या अंगात किती इस्ट्रोजेन गेलं, हे मलाच सांगता येणार नाही.”



सोमवारी तिने मॅडमना सगळं सांगितलं.

“वर्ष जाईल तुझं,” मॅडम म्हणाल्या.

“हो मॅडम.”

त्याच दिवशी तिने बाजारातून दुसरं पातेलं आणलं आणि त्याच्या कड्याला लाल दोरा बांधला. इस्ट्रोजेनच्या सिरिंजा यापुढे त्यातच उकळणार होत्या, तेही आधी स्पिरिटने आणि साबणाने धुऊन.

रात्री जेवताना तेजश्रीने विचारलं, “आता परत नवी पिल्लं आणणार?”

“हो.”

“आणि आधीची? ती उगाच मेली?”

वैजयंताने घास ताटात ठेवला. अण्णांनी सुनेकडे पाहिलं.

“हो,” ती म्हणाली. “उगाच मेली. माझ्या हातून.”

तेजश्री उठली. खिडकीत काचपट्ट्यांची पेटी कालपासून उघडीच होती. तिने पेटीचं झाकण आवाज न करता लावलं आणि परत येऊन आईच्या जवळ सरकून बसली.